डोळ्यातील सुई

डोळा हा देहाचा सर्वांत हळवा अवयव. धुळीचा एक कण आत गेला तरी माणूस हातातले काम टाकून तो काढावयास धावतो. कोणी नुसता हात उगारला तरी पापण्या आपोआप मिटतात. अशा अवयवात सुई टोचून औषध घालावे लागेल, आणि तेही एकदा नव्हे तर वारंवार, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर सत्तरीच्या माणसाच्या काळजात धस्स झाले तर त्यात नवल नाही. तथापि आज जगभर लक्षावधी वृद्ध स्त्रीपुरुष हा उपचार घेत आहेत आणि भारतातील अनेक शहरांतून तो रोजच्या व्यवहारातला होऊन गेला आहे. त्याने असंख्य लोकांचे वाचन, लेखन आणि स्वावलंबन राखले आहे. क्वचित त्याच सुईच्या निमित्ताने डोळा गमवावा लागल्याचीही उदाहरणे आहेत. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही ठाऊक असण्यातच रुग्णाचे व त्याच्या घरच्यांचे हित आहे.

ज्या रोगासाठी ही सुई घ्यावी लागते त्याचे स्वरूप प्रथम ध्यानी घ्यावयास हवे. डोळ्याच्या मागील बाजूस आतून दृष्टिपटल नावाचा एक पातळ पडदा असतो. त्याच्या मध्यभागी पाच-साडेपाच मिलिमीटर व्यासाचा एक पिवळसर भाग आहे. त्याला पीतबिंदू म्हणतात. क्षेत्र एवढेसे, पण त्याचे काम फार मोठे. पोथीतील अक्षर लावणे, सुईत दोरा ओवणे, तांदळातील खडा वेचणे, समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा ओळखणे, ही सारी कामे या बिंदूची. उतारवयात काही लोकांच्या बाबतीत हा भाग झिजू लागतो. धूम्रपान करणाऱ्यांना आणि ज्यांच्या घराण्यात हा विकार आहे त्यांना त्याचा धोका अधिक असतो. त्याचे दोन प्रकार मानतात. कोरड्या प्रकारात ऱ्हास संथ असतो. ओल्या प्रकारात दृष्टिपटलाखाली नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या फुटतात, त्यांतून द्रव व रक्त पाझरते, आणि काही आठवड्यांत वा महिन्यांत मध्यभागची नजर जाऊ शकते.

ही नजर जाते कशी, हेही पाहण्याजोगे आहे. दाराची सरळ चौकट मध्येच वाकलेली दिसते. आखीव वहीच्या रेघा नागमोडी वाटतात. वर्तमानपत्राच्या ओळीतले मधलेच अक्षर नाहीसे होते. पुढे चेहऱ्याच्या जागी एक धूसर डाग उरतो, मात्र कडेची नजर शाबूत असल्यामुळे माणूस घरात हिंडू-फिरू शकतो. आपल्याकडे वृद्धाची नजर अधू झाली की तो मोतीबिंदू, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आणि मोतीबिंदू पिकल्यावर काढावयाचा, ही त्याहून जुनी समजूत आहे. या दोन समजुतींच्या आधाराने पुष्कळ घरांतून अमोल महिने वाया जातात. शिवाय एक डोळा बिघडला तरी दुसरा त्याचे काम निभावून नेतो, त्यामुळे रुग्णालाच पत्ता लागत नाही. एक डोळा झाकून दुसऱ्याने पाहावे, मग दुसरा झाकून पहिल्याने, ही साधी परीक्षा म्हणूनच मोलाची आहे. स्वित्झर्लंडमधील नेत्रतज्ज्ञ मार्क आम्सलर यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात यासाठी चौकटींचा एक कागद प्रचारात आणला. घरी तो नसेल तर खिडकीच्या गजांकडे किंवा न्हाणीघरातील फरश्यांच्या रेघांकडे पाहूनही काही अंदाज येतो.

या रोगावर एके काळी जवळपास काहीच इलाज नव्हता. लेसरच्या किरणांनी त्या रक्तवाहिन्या जाळता येत, पण त्याबरोबर वरचा दृष्टिपटलही जळे. रोग थांबे आणि नजरही जाई. २००० साली प्रकाशाने कार्यान्वित होणारे एक औषध आले. त्याने ऱ्हास मंदावला, पण गेलेली नजर क्वचितच परतली. खरा पालट झाला तो एका निराळ्या दिशेने. शरीरात नव्या रक्तवाहिन्या वाढविणारे एक प्रथिन असते. नेपोलिओन फेरारा या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली ते वेगळे करून दाखविले. या प्रथिनाला अडविणारे बेव्हासिझुमॅब हे औषध २००४ मध्ये अमेरिकेत आतड्याच्या कर्करोगासाठी मान्य झाले. दुसऱ्याच वर्षी मायामी येथील नेत्रतज्ज्ञ फिलिप रोझेनफेल्ड यांनी त्याचा अल्पसा अंश डोळ्यात टोचून पाहिला, आणि पाझर ओसरू लागल्याचे आढळले. २००६ साली खास डोळ्यासाठी तयार केलेले राणिबिझुमॅब बाजारात आले. २०११ मध्ये अफ्लिबरसेप्ट. राणिबिझुमॅबच्या एका मोठ्या चाचणीत वर्षअखेर शंभरांपैकी सुमारे ९५ रुग्णांची नजर फारशी घटली नव्हती, आणि सुमारे एक तृतीयांश रुग्णांची तर ती चांगलीच सुधारली होती. ज्यांना लटके इंजेक्शन दिले होते त्यांच्यापैकी ६२ जणांनाच नजर तशी टिकविता आली. नेत्रवैद्यकात एवढा मोठा फरक क्वचितच पाहावयास मिळतो.

सुई टोचण्याची क्रिया कल्पनेत जेवढी भयंकर तेवढी प्रत्यक्षात नसते. प्रथम थेंब घालून डोळा बधिर करतात. मग पापण्या व डोळा पोव्हिडोन आयोडीनने धुतात. पापण्यांची उघडझाप होऊ नये म्हणून एक लहानशी तारेची चौकट बसवितात. सुमारे ०.३ मिलिमीटर जाडीची सुई काळ्या भागाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर अंतरावर, पांढऱ्या भागातून आत जाते आणि डोळ्याच्या पोकळीतील काचेसारख्या पारदर्शक रसात औषध सोडते. औषध किती? एका मिलिलिटरचा विसावा भाग. सारा प्रकार काही क्षणांत आटोपतो. ही जागा मोजून निवडलेली असते: पुढे गेल्यास भिंगाला धक्का लागेल, मागे गेल्यास दृष्टिपटलाला.

या क्रियेत एक नियम असा आहे की तो ऐकून रुग्णाला नवल वाटावे. सुई टोचताना कोणी बोलू नये. रुग्णाने नाही, डॉक्टरांनी नाही, परिचारिकेनेही नाही. बोलताना तोंडातून तुषार उडतात आणि त्यांत स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जंतू असतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर होणाऱ्या जंतुदोषापेक्षा या सुईनंतरच्या जंतुदोषात ही जात अधिक प्रमाणात सापडते, आणि ती डोळ्याचा नाश फार झपाट्याने करते. म्हणून तोंडावर पट्टी आणि ओठांवर मौन. आयोडीनने डोळा चुरचुरतो म्हणून ते कमी वापरा, अशी गळ काही रुग्ण घालतात. पण डोळ्याचे खरे रक्षण तेच करते. उलट, पूर्वी सुईनंतर अनेक दिवस घालावयास देत असलेले प्रतिजैविकाचे थेंब जंतुदोष टाळण्यास उपयोगी पडत नाहीत, असे आता बहुतेक तज्ज्ञांचे मत झाले आहे; सतत वापराने जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात, हा तोटा मात्र आहे.

सुईनंतर होणारे त्रास दोन वर्गांत मोडतात, आणि त्या दोहोंतील भेद कळणे हे सर्वांत महत्त्वाचे. पहिल्या वर्गातले त्रास निरुपद्रवी असतात. टोचल्या जागी रक्त साकळून पांढऱ्या भागावर लालभडक डाग पडतो. दिसावयास तो भयंकर, पण एक-दोन आठवड्यांत आपोआप विरतो. आयोडीनमुळे त्या दिवशी डोळा चुरचुरतो, पाणी येते, वाळू गेल्यासारखे वाटते. औषधाबरोबर गेलेले हवेचे बारीक बुडबुडे काळ्या गोळ्यांसारखे तरंगताना दिसतात आणि एक-दोन दिवसांत नाहीसे होतात. डोळ्यातील दाब काही वेळ वाढतो व बहुधा अर्ध्या तासात उतरतो. ज्यांना काचबिंदू आहे त्यांच्या बाबतीत मात्र डॉक्टर अधिक दक्ष असतात, कारण अनेक इंजेक्शनांनंतर काहींचा दाब कायमचा चढा राहतो.

दुसऱ्या वर्गात अंतर्नेत्रदाह, म्हणजे डोळ्याच्या आत जंतूंची वाढ होणे, हे सर्वांत भयंकर संकट. निरनिराळ्या देशांतील मोठ्या नोंदी पाहता दोन-तीन हजार इंजेक्शनांमागे ते सुमारे एकदा घडते. काही ठिकाणी याहूनही कमी. आकडा लहान आहे. परंतु तो एका इंजेक्शनाचा आकडा आहे, आणि हा उपचार एका इंजेक्शनाचा नाही. पहिले तीन महिने दरमहा एक, पुढे गरजेप्रमाणे, असे करता करता चार-पाच वर्षांत वीस-पंचवीस इंजेक्शने सहज होतात. तीन हजारांत एक हे प्रमाण धरले आणि चोवीस इंजेक्शनांचा हिशेब केला, तर सव्वाशे रुग्णांपैकी सुमारे एकाच्या वाट्याला हे संकट येते. एवढ्या धोक्यापायी उपचार नाकारणे शहाणपणाचे नाही. आणि तो धोका विसरून जाणेही नाही.

अशा एखाद्या रुग्णाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. निवृत्त शिक्षक, वय पंच्याहत्तर. मुलगा नोकरीनिमित्त परगावी, घरी सून व नातवंडे. सातवे इंजेक्शन शुक्रवारी झाले. पूर्वीची सहा विनासायास पार पडली होती, त्यामुळे भीती केव्हाच मोडली होती. शनिवारी डोळा थोडा लाल, पण तो नेहमीच होतो. रविवारी दुपारी ठणका सुरू झाला. उजेडाकडे पाहवेना. संध्याकाळी दिव्याभोवती धुके जमल्यासारखे दिसू लागले. सून म्हणाली, “अप्पा, डोळा फारच लाल दिसतो आहे. डॉक्टरांना विचारू या का?” अप्पा म्हणाले, “अगं, परवाच टोचलं आहे, लाल व्हायचाच. आज रविवार, उगीच कोणाला त्रास कशाला? सकाळी पाहू.”

यात अप्पांचे चुकले असे एकदम म्हणवत नाही. दुसऱ्याला तोशीस पडू नये, ही त्यांच्या पिढीची सभ्यता. वेदना बोलून दाखवू नये, हाही तिचाच एक भाग. शिवाय सहा वेळा डोळा लाल होऊन बरा झालेला असल्यामुळे सातव्यांदाही तो बरा होईल, हा तर्क वरवर बिनतोड दिसतो. पण जंतूंना रविवार नसतो. जंतुदोषाची लक्षणे बहुधा दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत दिसू लागतात आणि त्यानंतर तासातासाला डोळ्याची स्थिती पालटत जाते. लाली तर दोन्ही प्रसंगी असते. भेद तिच्या सोबत्यांत आहे. नुसती लाली, जी दिवसागणिक उतरते, ती निर्धोक. लालीबरोबर वाढता ठणका, उजेड न सोसणे आणि नजर घटणे, विशेषतः आधी सुधारलेली नजर पुन्हा घटणे, हे संकटाचे चिन्ह. सगळी लक्षणे एकत्र येण्याची वाट पाहू नये. काहींना ठणका फारसा होत नाही, नजर तेवढी धूसर होते.

अशा वेळी नेत्रतज्ज्ञ डोळ्यातील रसाचा नमुना घेतात आणि त्याच बैठकीत व्हँकोमायसिन व सेफ्टाझिडीम यांसारखी प्रतिजैविके डोळ्यात सोडतात. प्रसंगी शस्त्रक्रिया करून दूषित रस काढून टाकतात. गोळ्या किंवा वरून घातलेले थेंब येथे पुरे पडत नाहीत, म्हणून औषधाच्या दुकानातून थेंब आणून रात्र काढणे हा सर्वांत घातक मार्ग. वेळेवर उपचार झाल्यास बऱ्याच रुग्णांची उपयोगी नजर वाचते. उशीर झाल्यास, आणि जंतू स्ट्रेप्टोकॉकस जातीचा असल्यास, उजेड-अंधार एवढेच कळणे उरते. कधी तेही नाही. अप्पांच्या “सकाळी पाहू” या दोन शब्दांत एवढा फरक सामावलेला आहे.

इतर गंभीर उपद्रव याहून विरळ आहेत. दृष्टिपटलाला छिद्र पडून तो सुटू लागणे, हा त्यांतला एक. एकाएकी विजेसारखे चमकणे, काळ्या ठिपक्यांचा वर्षाव होणे किंवा नजरेच्या कडेवर पडदा उतरत आल्यासारखे दिसणे ही त्याची लक्षणे. हलत्या डोळ्यात सुईचा स्पर्श भिंगाला झाल्यास मोतीबिंदू वेगाने वाढतो. दृष्टिपटलाखाली द्रवाचा मोठा फुगवटा असेल तर औषधाने तो आकसताना खालच्या थराला चीर जाऊ शकते. काही वेळा जंतू नसतानाही निव्वळ औषधाने दाह होतो. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या ब्रोल्युसिझुमॅबच्या बाबतीत असेच घडले. औषध दीर्घकाळ टिकणारे म्हणून त्याचे मोठे स्वागत झाले. पण २०२० च्या फेब्रुवारीत तेथील नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने काही रुग्णांच्या दृष्टिपटलातील रक्तवाहिन्यांना दाह होऊन त्या बंद पडल्याची सूचना दिली. चाचण्यांत शेकडो रुग्ण असतात. हजारोंत एखाद्याला होणारा उपद्रव औषध सर्वत्र पोहोचल्यावरच कळतो. नवे औषध ते उत्तम, ही समजूत डोळ्याच्या बाबतीत तपासून घ्यावी हे बरे.

सुईचा दोष वेगळा आणि सुईतील औषध हाताळण्याचा दोष वेगळा. बेव्हासिझुमॅब हे कर्करोगाचे औषध असल्यामुळे त्याची कुपी मोठी येते: ४ मिलिलिटर, १०० मिलिग्रॅम. डोळ्याला लागतात ते फक्त १.२५ मिलिग्रॅम. एका कुपीतून अनेक डोळ्यांसाठी मात्रा भरता येतात, म्हणून ते कितीतरी स्वस्त पडते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत नजर राखण्याच्या बाबतीत ते महागड्या राणिबिझुमॅबच्या तोडीचे ठरले, आणि २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याला स्थान दिले. भारतासारख्या देशात या स्वस्ताईचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. पण एक कुपी वारंवार उघडली जाते तेथेच जंतूंना वाट मिळते, आणि मागणी मोठी तेथे बनावट मालही शिरतो. २०१० साली शांघायमध्ये बनावट औषधामुळे ६१ रुग्णांच्या डोळ्यांना दाह झाला. २०११ मध्ये मायामी परिसरात एकाच औषधशाळेत भरलेल्या सिरिंजांमुळे १२ रुग्णांना जंतुदोष झाला. २०१६ च्या जानेवारीत गुजरातमधील काही रुग्णांना गंभीर दाह झाल्यावर भारताच्या औषध नियंत्रकांनी या औषधाच्या डोळ्यातील वापराविरुद्ध इशारा काढला. नेत्रतज्ज्ञांनी गरीब रुग्णांच्या वतीने रदबदली केल्यावर मार्चमध्ये तो मागे घेण्यात आला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये पाकिस्तानच्या पंजाब प्रांतातही अनेकांनी अशाच कारणाने नजर गमावली.

या सर्व घटनांत औषधाचा मूळ गुण खोटा ठरला नाही. ढिलाई झाली ती साठवणीत, भरण्यात आणि शीतपेटीपर्यंतच्या प्रवासात. म्हणून औषधाचे नाव काय, ते कोठे व केव्हा भरले, त्याचा गटक्रमांक नोंदला आहे काय, एवढे विचारण्यात रुग्णाने संकोच बाळगू नये. चांगल्या रुग्णालयांत दोन्ही डोळ्यांना एकाच दिवशी सुई द्यावयाची असल्यास प्रत्येक डोळ्यासाठी निराळी साधने व शक्यतो निराळ्या गटातील औषध वापरतात, ते याच कारणाने.

डोळ्यात टोचलेल्या औषधाचा अल्प अंश रक्तात जातो. त्याने पक्षाघात वा हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण वाढते, असे निश्चितपणे सिद्ध झालेले नाही. परंतु ज्यांना नुकताच असा झटका येऊन गेला आहे त्यांनी ती गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. डोळ्याला किंवा पापणीला आधीच जंतुदोष असेल, रांजणवाडी आली असेल, तर सुई पुढे ढकलणे हेच योग्य.

इतके धोके ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग सुई न घेणेच बरे. येथे तागडीचे दुसरे पारडेही पाहावयास हवे. ओला विकार उपचाराविना सोडला तर मध्यभागची नजर बहुतेकांच्या बाबतीत जाते. तेथे तीन हजारांत एक हा हिशेब नाही. उपर्युक्त अमेरिकन चाचणीतील रुग्णांपैकी जे पाच वर्षांनी पुन्हा तपासले गेले, त्यांच्यापैकी निम्म्यांची नजर ६/१२ किंवा त्याहून चांगली होती. या उपचारापूर्वीच्या काळात असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. त्याच वेळी पाचांतल्या एकाची नजर ६/६० वा त्याहून वाईट झाली होती, हेही सांगावयास हवे. हा उपचार रोग निपटून काढीत नाही, त्याला आवरून धरतो. आणि आपल्याकडे तो सुटतो तो बहुधा सुईच्या भीतीने नव्हे. दर खेपेस कोणाला तरी रजा काढून बरोबर यावे लागते. प्रवासाचा व औषधाचा खर्च असतो. आणि “आता बरं दिसतं आहे” असे म्हणून वृद्ध मनुष्य स्वतःच आपला भार हलका करू पाहतो. खेप चुकते, पाझर पुन्हा सुरू होतो, आणि गेलेली नजर पुढच्या सुईने सगळी परत येतेच असे नाही.

म्हणजे अप्पांचा जो संकोच रविवारी रात्री त्यांना डॉक्टरांकडे जाऊ देत नाही, तोच एरवी त्यांना पुढच्या तारखेस जाऊ देत नाही. या विकारात वैद्यकाने आपल्या वाट्याचे काम पुष्कळसे केले आहे. उरलेले घराकडे आहे. सुई घेऊन परतल्यावर पहिल्या दिवशी डोळा चोळू नये, डॉक्टर सांगतील तितके दिवस डोळ्यात नळाचे पाणी जाऊ देऊ नये. पुढचा आठवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ, चांगला डोळा झाकून, भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील तारखा वाचून पाहाव्यात. आणि हे पाहण्यास घरातील एखाद्या माणसाने आठवण करावी. रात्री-अपरात्री ज्या क्रमांकावर विचारता येईल तो रुग्णालयातून निघण्यापूर्वीच मागून घ्यावा व त्याच दिनदर्शिकेच्या शेजारी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. त्याच्याखाली चार शब्द असावेत: ठणका, लाली, उजेड न सोसणे, धूसर दिसणे. आणि सुनेने विचारले, “अप्पा, डॉक्टरांना फोन करू का?” तर अप्पांनी रविवार आहे की सोमवार, हे न पाहता “कर” म्हणावे.